मदत हवी आहे: १/१०० रोबो किटचा कंबरेचा सांधा ढिला, दोष कुणाचा?

मंडळी, १/१०० मापाचा रोबो किट (सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं मॉडेल) जोडून झालाय, पण तो चांगला म्हणावा की नाही हे ठरत नाहीये. आतला सांगाडा झकास आहे. गुडघा वाकवला की मांडीवरचं चिलखत आपोआप सरकतं! रंगही बहुतेक प्लास्टिकमध्येच आहेत, स्टिकर मोजकेच.

घोडं अडलंय कंबरेपाशी. पाठीवर बूस्टर आणि हातात मोठी बंदूक दिली की गडी हळूहळू मागे कलतो. बंदूक काढली की ताठ उभा. सांध्यात पॉलिकॅप (मऊ प्लास्टिकच्या टोप्या) नाहीत, एबीएसवर एबीएस (कडक प्लास्टिक) घासतंय. एवढ्या वजनाला हे चालायचंच, की आरेखनच कच्चं आहे?

सांधा घट्ट व्हायला बॉल जॉइंटच्या गोळ्यावर सुपरग्लूचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच बसवायचा, असं ऐकलंय. पुढे सांधा तडकत तर नाही ना? की पातळ ॲक्रिलिक वार्निश बरं?

आणखी एक. गडद निळ्या भागांवर गेट (भाग चौकटीला जोडणारा प्लास्टिकचा तुकडा) कापल्याच्या जागी पांढरे डाग राहतात. दोन टप्प्यांत कापून, आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, तरी तिरक्या उजेडात दिसतातच. मॅट टॉपकोटखाली (शेवटी द्यायचा बिनचमकीचा पारदर्शक थर) ते झाकले जातात का?

ज्यांनी सांधा घट्ट केलाय त्यांनी तो किती टिकला तेही सांगा.