वणव्यात घर गेलेल्यांना आधी हिशेब विचारायचा का?
(चौघांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माळरान
मे २०१६. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं फोर्ट मॅकमरी हे शहर वणव्यामुळे रिकामं करावं लागलं. सुमारे ८८,००० माणसं, आणि दक्षिणेकडे जायला महामार्ग ६३ हा एकच रस्ता. वाटेत पेट्रोल संपून गाड्या अडकल्या, तेव्हा अनोळखी लोक इंधनाचे कॅन भरून मदतीला आले. एडमंटनने, लाक ला बीशसारख्या लहान गावानेही लोकांना थारा दिला. कॅल्गरीत नुकत्याच आलेल्या सीरियन निर्वासितांचं स्वतःचं बस्तान बसलं नव्हतं, तरी त्यांनी मदत गोळा केली.

त्याच आठवड्यात काही जण म्हणत होते, "हे तेलवाल्यांचं शहर. हवामान बिघडवलंत, आता भोगा." हे मला तेव्हा खुपलं आणि आजही खुपतं. वाळूतून तेल काढण्याच्या तिथल्या उद्योगावर पोट भरणाऱ्यांत कॅनडाच्याच न्यूफाउंडलंडमध्ये काम उरलं नाही म्हणून आलेले होते, फिलिपिन्सहून आलेले होते. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसाकडे पापपुण्याचा हिशेब मागणं हे क्रौर्य आहे. आधी मदत, तीही रोख आणि विनाचौकशी, असं माझं ठाम मत आहे.

आडवाट
"भोगा" म्हणणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण कारणाचा प्रश्न पुढे ढकलायलाही माझा विरोध आहे. हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, एल निनोचं वर्ष होतं, आणि ३ मे रोजी इतक्या उत्तरेला पारा ३२ अंशांच्या वर गेला. एकाच वणव्याचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, हे मान्य. मात्र असे कोरडे, तापलेले दिवस वाढताहेत. "आत्ता नको" म्हणता म्हणता हा विषय कधीच निघत नाही. मे २०२४ मध्ये त्याच शहरातल्या बीकन हिल, अबासँड या वस्त्या पुन्हा रिकाम्या कराव्या लागल्या. २०१६ मध्ये याच वस्त्यांच्या मोठ्या भागाची राख झाली होती! त्या लोकांची खरी काळजी असेल तर तिसरी वेळ येऊ नये म्हणून बोललंच पाहिजे.

माळरान
बोला ना. सरकारला विचारा, कंपन्यांना विचारा. निवारा केंद्रात खाटेवर बसलेल्या बाईला नको.

कोरडवाहू
माझा आक्षेप वेगळा आहे, रोख रकमेबद्दल. रेड क्रॉसने प्रत्येक प्रौढाला ६०० आणि प्रत्येक मुलामागे ३०० डॉलर दिले, सरसकट. ज्याच्या घराचा विमा आहे, बँकेत शिल्लक आहे, त्यालाही तेवढेच आणि विमा नसलेल्या भाडेकरूलाही तेवढेच. हा पैसा सामान्य माणसांनी पोटाला चिमटा काढून दिलेला असतो. तो गरजेप्रमाणे वाटला जावा, ही अपेक्षा चुकीची कशी?

उंबरा
कोरडवाहू, अपेक्षा चुकीची नाही, तुम्ही वेळ चुकीची निवडताय. पहिल्या आठवड्यात गरज तपासायची म्हणजे कागद मागायचे, आणि कागद तर घराबरोबर जळालेले. अशा वेळी ज्याची कागदपत्रं ऑनलाइन आहेत, ज्याला इंग्रजी नीट येतं, विमा एजंट ज्याचा फोन उचलतो, तो रांगेत पुढे जातो. तुम्हाला ज्याची चिंता आहे तो भाडेकरू, तो नवा स्थलांतरित मागेच राहतो. सरसकट रक्कम त्याच्याच फायद्याची.

आणि कपड्यांपेक्षा रोख बरी, यात मला शंका नाही. जुन्या कपड्यांचे ढीग निवडण्यात स्वयंसेवकांचे दिवस जातात. शिवाय पैसे हातात असले की औषध आधी घ्यायचं की मुलाचे बूट, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. घर गेलेल्या माणसाकडे ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

कोरडवाहू
कागदांचा मुद्दा पटला. पहिला हप्ता सरसकट असू दे. पण पुढचा मोठा निधी गरजेनुसारच हवा, आणि तसं देणगी घेतानाच स्पष्ट सांगायला हवं. देणगीदार पहिल्या पंधरवड्यात धावतात. तिथे जवळपास २,४०० घरं आणि इमारती गेल्या. त्यांची उभारणी वर्षानुवर्षं चालते. त्यात तेलाचे भाव आधीच कोसळल्याने नोकऱ्या जात होत्या. घराचे हप्ते चालू, घर नाही आणि कामही नाही, अशा माणसाची दुसऱ्या वर्षी कोण विचारपूस करतं?

आडवाट
हाच धागा मी पुढे नेतो. माळरान, तुम्ही म्हणता कंपन्यांना विचारा. तेल उद्योग आकसला तर पहिली नोकरी त्या खाटेवरच्या बाईचीच जाईल. तिला बाजूला ठेवून हा प्रश्न सुटणारच नाही. तिच्यासाठी पर्यायी काम कुठलं, जंगलाला खेटून पुन्हा तसंच घर बांधायला परवानगी द्यायची का, हे तिच्यासोबत बसूनच ठरवावं लागेल. मदतीचे पैसे मी विनाअट देईन, पण या विषयावर गप्प बसणार नाही.

माळरान
तिच्यासोबत बसून, याला माझी हरकत नाही. मात्र तिच्या डोक्यावर छप्पर येऊ दे, मग बसा.