प्रतिसाद: निवृत्त अधिकारी, संसद आणि संरक्षण धोरण

निवृत्त लष्करी अधिकारी मोठ्या संख्येने संसदेत गेले की संरक्षण धोरण आपोआप सुधारेल, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने (खासदारांच्या कायम समितीने) मार्च २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालात लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष आहे. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू पिढीची आणि जेमतेम ८ टक्के अत्याधुनिक आहे, तसेच आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये आधीच ठरलेल्या २९,०३३ कोटींच्या देण्यांनाही पुरणारे नाहीत, असे तीत स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. अशा साक्षीतले नेमके काय ठळकपणे मांडायचे, हे उमगायला गणवेशातला अनुभव निश्चितच उपयोगी पडतो. मात्र खंडुरी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद त्यांच्याकडून गेले. कारण काहीही असो, समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे तर उघडच आहे.

जनरल व्ही. के. सिंह २०१४ मध्ये गाझियाबादहून निवडून आले आणि परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री झाले. माजी लष्करप्रमुख असूनही संरक्षण खाते काही त्यांच्याकडे आले नाही. खाती अनुभवावरून नव्हे, पक्षाच्या सोयीने वाटली जातात. शिवाय पक्षादेश मोडून मतदान केल्यास पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे माजी सेनाधिकाऱ्याचे स्वतंत्र मत सभागृहापेक्षा समितीच्या बंद दाराआडच अधिक मोकळेपणाने व्यक्त होत असावे.