सज्ञान माणसाचा 'पालक'?

सईपाऊस
माझा भाऊ ३४ वर्षांचा, स्वमग्न. आई गेली, बाबांना झेपत नाही. म्हणून नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली (स्वमग्नता, मतिमंदत्व अशा ठरावीक अपंगत्वांसाठीचा) कायदेशीर पालक होण्यासाठी मी अर्ज करतेय. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीपुढे जाईल. प्रतिज्ञापत्र टाइप करणारे काका अडून बसले : "ताई, पालक म्हणजे आईबाप. तुम्ही बहीण. आणि तो सज्ञान आहे ना, मग पालक कसला?" गार्डियनला दुसरा शब्द आहे का? शिवाय पुढच्या ओळीत त्याला 'पाल्य' म्हणायचं जिवावर येतं. रोज दाढी करतो हो तो! सोमवारी द्यायचंय.

चहाटळ
संरक्षक.

तिरकी रेघ
संरक्षक असते ती भिंत. नाहीतर संरक्षण खातं.

चहाटळ
बरं, मग अभिभावक.

नाना वाईकर
तो हिंदीतून आलेला पाहुणा. संस्कृतात 'अभिभू' म्हणजे पराभव करणे, दडपणे. 'अभिभूत' त्यातलाच. बहिणीने भावाला दडपायचं आहे का? आपला पालक काय वाईट आहे? पाळतो तो पालक, मग बाप असो की बहीण.

तिरकी रेघ
नाना, पाळतात कुत्रा.

बांधावरची बाभळ
काकांचा घोळ कुठून आला ते सांगतो. कायद्याच्या मराठीत १८ च्या आतला तो अज्ञान, वरचा सज्ञान. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं ना, ते अज्ञान पालनकर्ता. लहानपणी मला ती आजीची पदवी वाटायची. आमचे चुलते साठीला आले, पण शेरा कमी करून घ्यायला कुणी गेलंच नाही. तलाठ्याच्या लेखी चुलते अजून अज्ञान, आणि पालनकर्ती आजी वारून २० वर्षं झाली.

सईपाऊस
:) पण मग पालनकर्ती लिहू का?

नाना वाईकर
पालनकर्ता विठ्ठल. माणसाने पालकच राहावं.

अर्धा कप
शब्द काहीही घ्या, 'पाल्य' मात्र नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे : दोघांनी मिळून, एकमेकांवर विश्वास ठेवून निर्णय घ्यायचे. तिथे पाल्य म्हटलं की प्रगतिपुस्तकच आठवतं. आमच्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला १९९९ चा कायदा लागूच नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शब्द आहे 'नामनिर्देशित प्रतिनिधी'. मामाने स्वतः साध्या कागदावर माझं नाव लिहून सही केली. तेव्हापासून मला 'आमदार' म्हणतो.

चहाटळ
मग सईताईंनीही प्रतिनिधीच लिहावं की!

अर्धा कप
नाही चालणार. ते फक्त मानसिक उपचारांपुरतं. ताईंना नेमणुकीनंतर ६ महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी द्यायचीय, पुढे दरवर्षी हिशेब. हे काम पालकाचं.

मोगरी
आमची आजी आत्याकडे बघून म्हणायची, "माझ्या माघारी हिला वाली कोण?" इतका नेमका शब्द असताना कशाला शोधताय? रामायणातल्या वालीवरून आलाय, बलवान म्हणून.

तिरकी रेघ
त्या वालीने सख्ख्या भावाला हाकलून दिलं होतं. सईताईंच्या अर्जात नको!

बांधावरची बाभळ
रामायण नाही, अरबी आहे. निकाहात मुलीचा वली असतो, तोच.

नाना वाईकर
काहीही! आपल्याकडे 'वाला' आहे, त्याचाच भाऊ असेल.

सईपाऊस
भावालाच विचारलं, कागदावर तुला काय म्हणू? म्हणाला, "मन्या." काकांना मात्र अजून उत्तर नाही. पालकपुढे कंसात 'बहीण' लिहू?

बांधावरची बाभळ
नाना, अरबीत वली म्हणजे गार्डियन आणि वाली म्हणजे सुभेदार. धातू एकच. आता आजीच्या तोंडी त्यातला कुठला आला, एवढाच प्रश्न आहे.

मोगरी
आमची आजी कोकणातली. तिला कुठला सुभेदार भेटणार?