बैठं घर घेताना सातबारा आधी

"जिना नको तर पुण्यात लोहगाव-मांजरीकडे दोन गुंठ्यांतलं बैठं घर घ्या" असं कुणी सुचवतं, ते गुडघे दुखणाऱ्यांसाठी मला पटतं. पण अशी घरं हातोहात जातात, एजंट "उद्या दुसरी पार्टी टोकन देतेय" म्हणून मागे लागतो आणि सातबारा वाचायचा राहतो. आईसाठी आम्ही असंच एक पाहिलं. उंबरा सोडला तर एक पायरी नाही, मोरीमागे कढीपत्ता. आई तिथेच रमली. सातबारा मात्र सामाईक निघाला. आठ-दहा नावं, आणि 'इतर हक्क' या रकान्यात भलत्याच सहहिस्सेदाराने गावच्या शेती सोसायटीकडून घेतलेल्या कर्जाचा बोजा! बँकेने कर्ज नाकारलं.

मूळ कारण १९४७ चा तुकडेबंदी कायदा, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्या तुकड्याचा स्वतंत्र सातबारा होत नसे म्हणून सगळ्यांची नावं एकाच उताऱ्यावर चढवत गेले. तेव्हा टोकन देण्याआधी महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा, बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवा. घरापर्यंतचा रस्ता कुणाच्या गटातून (जमिनीतून) जातो तेही विचारा. हे जमत नसेल तर कर्वेनगर-सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत तळमजल्याचा फ्लॅट शोधा. नव्या इमारतींत तळमजल्यावर बहुतेक पार्किंगच असतं.