पल्सर एक्स्चेंजमध्ये द्यावी की बाहेर विकावी, आणि नव्या क्लासिकमध्ये काय बदलावे?

घाटवाट (सातारा):
माझी पल्सर १५० मे २०११ च्या नोंदणीची असून ८१,००० किलोमीटर धावली आहे. तिच्या बदल्यात रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घ्यायची आहे. शोरूम पल्सरचे १४,००० रुपये देते, तर ओळखीचा मेकॅनिक २१,००० चे गिऱ्हाईक असल्याचे सांगतो. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने चिपळूणला जावे लागत असल्यामुळे नव्या गाडीला उंच हँडल, जादा दिवे, सामानाच्या पिशव्या आणि भारदस्त आवाजाचा सायलेन्सर लावण्याचा विचार आहे. यांतले काय करावे?

चेनस्प्रॉकेट:
नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपत आली असल्याने पुढच्या मालकाला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरावा लागणार, म्हणून २१,००० हातात पडेपर्यंत खरे मानू नका. बाहेर विकल्यास मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करा. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. मी माझी जुनी गाडी एका एजंटाला कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिली होती आणि पुढचे दीड वर्ष तिची ई-चलने माझ्याच मोबाइलवर येत राहिली. शोरूमलाही गाडी नावावरून कधी उतरेल ते लेखी विचारा.

सुटाभाग:
सायलेन्सरचा नाद सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले आहे, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हँडल उंच केले की क्लच केबल आणि एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) नळी ताणली जाते, म्हणून पहिल्या सर्व्हिसपर्यंत मूळ हँडलवरच चालवून पाठ खरोखर दुखते का ते पाहावे. दिवे जरूर लावा, परंतु मूळ वायरिंग न कापता रिलेसह (दिव्यांचा वीजप्रवाह वेगळा चालू-बंद करणारा स्विच) स्वतंत्र हार्नेस, म्हणजे तारांचा वेगळा जुडगा घ्या, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो. पावसाळ्यात कोयनानगरच्या पुढे धुके दाटते तेव्हा मला तरी पिवळा प्रकाश बरा वाटतो. पिशव्यांसाठी सॅडल स्टे (पिशवी बाजूला धरून ठेवणारी चौकट) अवश्य बसवा, कारण या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि त्याला टेकलेली पिशवी वितळलेली मी पाहिली आहे.

तिसरा गिअर:
एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दलची जादा सूट) त्या १४,००० मध्येच धरला आहे की वेगळा, हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण बहुतेक वेळा खरी घासाघीस तिथेच होते. शिवाय ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशन त्यानंतरचे आहे ना, ते पाहा.

घाटवाट:
आभारी आहे. सायलेन्सर रद्द केला. मेकॅनिकचे गिऱ्हाईक माझ्याबरोबर आरटीओत यायला तयार आहे का, ते उद्या विचारतो. नसेल तर पल्सर शोरूमलाच देईन.