सामूहिक निवेदन सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे बंधनकारक असावे का?

पेठकर (प्रस्ताव)
नगरपरिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या टपाल शाखेत निवेदन दिले की शिक्क्याची पोच मिळते आणि त्यानंतर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढ्या शेऱ्यावर ते कागद या विभागातून त्या विभागात फिरत राहतात. एकट्या नागरिकाची स्थिती त्या मानाने बरी म्हणावी लागेल. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार त्याला अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र दोनशे रहिवाशांनी मिळून नाल्याच्या संरक्षक भिंतीची मागणी केली, तर तिला अशी कोणतीही चौकट नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनातही तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी, अशी अट आहे. म्हणजे प्रश्न सार्वजनिक असणे हीच तेथे अपात्रता ठरते. म्हणून प्रभागातील ठरावीक टक्के मतदारांच्या सह्या असलेले निवेदन सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेणे बंधनकारक करावे आणि ते फेटाळल्यास सभेने लेखी कारणे द्यावीत, असे माझे मत आहे.

आवक-जावक
मी नगरपालिकेच्या कार्यालयात नोकरी केली आहे, त्यामुळे या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. सह्या कोण गोळा करतो, हा प्रश्न येथे विचारलेलाच नाही. ज्याच्याकडे कार्यकर्ते आहेत, त्याला एका रविवारी हजार सह्या मिळतात. चाळीस घरांच्या वस्तीला, तिची गटारे कितीही तुंबलेली असली, तरी तेवढ्या कधीच मिळणार नाहीत. उद्या फेरीवाल्यांना हटवा अशी निवेदने टक्केवारी ओलांडून सभेपुढे येतील आणि फेरीवाल्यांची बाजू मांडणारे निवेदन त्या टक्केवारीअभावी टपाल शाखेतच राहील. शिवाय प्रभागाचा प्रश्न सभेत मांडण्यासाठीच नगरसेवक निवडून दिलेला असतो. इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर निवेदनांसाठी अशीच कार्यपद्धती ठेवण्याचे बंधन घातले होते. २०११ च्या कायद्याने ते काढून टाकले.

पेठकर
बंधन गेल्यानंतरही तेथील अनेक परिषदांनी ती पद्धत स्वतःहून चालू ठेवली, हेही सांगायला हवे. नगरसेवकाचे म्हणाल, तर २०२२ नंतर राज्यातील अनेक महापालिकांत दीर्घकाळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात प्रभागाचा प्रश्न कोणी मांडायचा होता? सह्यांच्या खरेपणासाठी आपल्याच राज्यात एक वहिवाट आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांनिशी मागणी केली, की त्या सह्यांची पडताळणी होते आणि मग ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे गुप्त मतदान घेतले जाते. तेथे सह्यांनी निर्णय होत नाही, निर्णयाची प्रक्रिया सुरू होते. मलाही एवढेच हवे आहे.

आवक-जावक
बाटलीचा प्रश्न हो किंवा नाही एवढाच असतो. नाल्याच्या भिंतीला अंदाजपत्रकात तरतूद लागते, तांत्रिक मंजुरी लागते आणि पुष्कळदा जागा दुसऱ्याच खात्याची असते. लेखी कारणे द्यायची म्हटल्यावर ‘निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल’ हे एकच कारण प्रत्येक निवेदनाखाली छापून येईल.

तिसरी गल्ली
आवक-जावक यांचा चाळीस घरांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सह्यांच्या टक्केवारीचा उंबरठा संपूर्ण प्रभागावर न ठेवता मतदान केंद्राच्या क्षेत्रावर ठेवावा, म्हणजे लहान वस्तीलाही तो गाठता येईल. २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या क्षेत्रातील मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली ती याच विचाराने, पण ती कागदावरच राहिली. गावात ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो. तोच माणूस शहरात राहायला आला की त्याच्या हातात फक्त पोच उरते. निधीच्या साचेबद्ध उत्तराबद्दल बोलायचे, तर सभेच्या इतिवृत्तात ते तीन वेळा नोंदले गेले, तर पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी ते उत्तर दाखवून प्रश्न विचारता येईल. विभागाच्या नस्तीतल्या शेऱ्याबाबत ते करायचे झाले, तर आधी माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबावे लागते.

आवक-जावक
मतदान केंद्राचा उंबरठा मला मान्य होण्यासारखा आहे. मात्र पडताळणी मतदारयादीवरून होणार असेल, तर भाडेकरूंचे काय? अनेकांची नावे अजून गावाकडच्याच यादीत असतात आणि तुंबलेल्या नाल्याचे पाणी पहिल्यांदा त्यांच्याच खोलीत शिरते.