कोजागिरीचं दूध आपल्यात का नाही?

धाकटी वहिनी: सोसायटीच्या कोजागिरीचं मसाला दूध यंदा आपल्या विंगकडे आलंय. दहा लिटर. मी हो म्हणून बसले आणि आता सासूबाई म्हणतात, आपल्यात कोजागिरी नसते. का नसते? कुणाला माहितीये का?

काका: सण पडलाय आपला. आमच्या आजोबांच्या, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या वेळेपासून. त्या दिवशी घरात गाय व्याली किंवा मूल झालं तरच सुटतो.

चिन्या: पण पडला कशाने?

काका: कुणीतरी गेलं असणार. अक्काला, तुझ्या आत्याला विचार, तिनं आजोबांना पाहिलंय.

दादा: थांबा. 2023 ला कुणबी नोंदी शोधताना तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढली होती ना, ती मोडीतली. आपल्या कामाचं त्यात काही निघालं नाही म्हणून तशीच फाईलला लावून ठेवली. फोटो टाकतो. आत्या, तुला मोडी येतं, बघ जरा.

आत्या: चष्मा बदलून बसते. तासभर द्या.

आत्या: वाचलं. ऑक्टोबर 1918. आपल्याच घरच्या तीन नोंदी आहेत. 13 तारखेला आजोबांची आई, वय 50. 17 ला मुलगी, वय 3. 19 ला "याची बायको", वय 22. कारणाच्या रकान्यात तिघींना एकच शब्द, ताप.

चिन्या: 1918 म्हणजे स्पॅनिश फ्लू!

काका: आपल्याकडं मानमोडी म्हणायचे. घरटी कुणी ना कुणी गेलेलं. त्यात त्या साली पाऊसही दडी मारून बसलेला, बाजरी गेली, माणसं आधीच खंगलेली.

चिन्या: 19 ऑक्टोबर 1918 बघितलं. त्या रात्री कोजागिरीच होती.

दादा: एक मिनिट. पणजोबांची बायको 1918 ला गेली? मग पणजी? आमचे आजोबा तर 1921 चे.

आत्या: तेच लिहिणार होते. आपण सगळे दुसरीचे. आजी त्यांची पाटाची बायको, तिचाही नवरा त्याच साथीत गेलेला. दोन मोडलेली घरं गावानं जोडून दिली. आजी कधी लपवायची नाही, पण आपणहून सांगायचीही नाही. मला ठाऊक होतं, तुमच्यापर्यंत पोचलं नाही एवढंच.

(एक तास ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. हे पहिल्यांदाच, नाहीतर सकाळी सातपासून फुलं येत असतात.)

धाकटी वहिनी: तिचं नाव काय होतं?

आत्या: नाही लिहिलेलं. नुसतं "याची बायको". मुलीचंही नाही. म्हातारीचं तेवढं आहे.

काका: आजोबा सीताफळं घेऊन दिवे घाट उतरून पुण्याच्या मंडईत जायचे, आजच्या फुले मंडईत. तेव्हा तिला रे मार्केट म्हणायचे. मग एकाएकी बंद केलं. दलालाशी वाजलं असं आम्ही ऐकत आलो. आता वाटतं, सीताफळाचा मोसम तोच. गाडीतून ताप तर नाही ना आणला?

आत्या: तू असलं काही ठरवू नकोस. मुंबईत जूनमध्येच साथ होती, मग रेल्वेनं गावोगाव गेली. जेजुरीला स्टेशन, त्यात खंडोबाच्या दर्शनाची गर्दी. कुठूनही आला असेल. आजोबांनी मात्र स्वतःवरच घेतलं असावं. मी सात वर्षांची असताना ते गेले, पण एवढं आठवतं, टिपूर चांदणं पडलं की सगळी ओसरीवर यायची आणि हे घोंगडी उचलून आत. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला थंडी वाजते.

दादा: आणि आपण त्यांना तिरसट म्हणून खपवलं. माझ्या लग्नातसुद्धा "पणजोबांवर गेलाय" म्हणून चिडवलं होतं.

काका: ते तू आहेसच 😄

आत्या: आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक असायचा, आकृती उठवलेला छोटा पत्रा, गेलेल्या सवतीच्या नावाचा. जेवायला बसण्याआधी त्याला हात लावायची. आजी गेल्यावर तो कुणाकडे आला?

धाकटी वहिनी: आत्या, आमच्या देवघरात एक टाक आहे, खंडोबाचा नाही, भवानीचाही नाही. सासूबाई म्हणायच्या असू दे, जुना आहे. चिंचेनं घासून फोटो टाकते.

धाकटी वहिनी: 📷 हा. फार झिजलाय. पण दोन आकृत्या दिसतात. एक मोठी, तिच्या शेजारी एक लहान.

आत्या: हाच. लहान कोण ते तेव्हा मी विचारलंच नाही.

चिन्या: वय 3.

काका: वहिनी, सोसायटीचं दूध तू कर, लोकांचं कशाला अडवायचं. आपण नाही प्यायचं. आटवताना पहिली वाटी मात्र काढून ठेव, साखर घालून. टाकापुढं.

धाकटी वहिनी: केशर घालू त्यात?

आत्या: घाल. जायफळ नको, लहान आहे.